माडीवरचा कादंबरी-वर्ग: पैसे वसूल, फक्त जिना सांभाळून

बेळगावात मराठी साहित्याचा क्लास म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकच येतंय, बी.ए. नाहीतर नेट-सेट, नोट्स घ्या, पाठ करा, लिहून या. हा तसला क्लास नाही म्हणून मुद्दाम रिव्ह्यू लिहायला बसलोय. गणपत गल्लीच्या मागच्या अंगाला एका जुन्या घराच्या माडीवर रविवारी सकाळी एक रिटायर्ड सर हा वर्ग घेतात. बोर्ड नाही, पॅम्प्लेट नाही, आणि नेटवर माझं नाव टाकू नको म्हणून सरांनी बजावलंय, त्यामुळं नाव-नंबर इथं मिळणार नाही, पुस्तकं वाचणाऱ्या कुणाला तरी विचारा, सांगतात. फी महिन्याला ₹500, शिकणारी पोरं असतील तर ₹200, चहा त्यातच. पुस्तक ज्याचं त्यानं आणायचं. महिन्याला एक पुस्तक घ्यायचं आणि त्यातली माणसं नी त्याचा आशय एवढ्या दोनच गोष्टींवर डोकं लावायचं, बाकी लेखकाचा जन्म कुठला, पुरस्कार कुठले, कालखंड कुठला हे सगळं सर चहा पिता पिता उरकून टाकतात.

वैतागाच्या गोष्टी आधी सांगून मोकळा होतो. गणपत गल्लीत गाडी लावायची म्हणजे काय हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको, रामदेव गल्ली मारुती गल्ली फिरून शेवटी कुठंतरी लांब लावायची नी चालत यायचं. जिना लाकडी, उभा, दोर धरून चढायचा, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी विचार करून या. वेळ दहाची म्हणतात पण खानापूरची मंडळी बसनं येईपर्यंत सर सुरू करत नाहीत. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तकापेक्षा गुड मॉर्निंगची फुलंच जास्त, ग्रुप म्यूट करून ठेवा सरळ.

आता मुद्द्याचं. सरांचा एक नियम आहे आणि माझ्या मते सगळी फी त्या एका नियमाची आहे. पहिला तासभर पात्राला विशेषण लावायचं नाही. स्वाभिमानी, त्यागी, तापट, प्रेमळ, ध्येयवादी, यातलं एक जरी तोंडातून निसटलं की सर म्हणतात "पान सांगा". पान सांगता आलं नाही तर गप्प बसायचं. प्रत्येकाला एक फुलस्केप कागद देतात, त्यावर तीन रकाने. हा माणूस स्वतः काय बोलतो, हा माणूस काय करतो, आणि दुसरे त्याच्याबद्दल काय बोलतात. प्रत्येक ओळीपुढं पान नंबर पायजेच. तिन्ही रकाने एकमेकांशी जुळले तर ठीक, जिथं जुळत नाहीत तिथं सर लाल पेननं गोल करतात आणि पुढची सगळी चर्चा त्या गोलाची. ऐकायला पोरखेळ वाटेल पण करून बघा, आपण ज्या पात्रावर वर्षानुवर्षं जीव टाकलाय त्याच्या 'करतो' रकान्यात कधीकधी दोन ओळी सुद्धा भरत नाहीत.

हे किती वेगळं आहे ते माझ्या भाचीचं गाईड बघितल्यावर कळतं. नाव घेत नाही, लाल कव्हरचं, बाजारात सगळीकडं मिळतं तसलंच. त्यात 'बनगरवाडी'तल्या मास्तरापुढं एक ते सहा नंबर घालून गुण लिहिलेत, ध्येयनिष्ठ, सोशिक, निगर्वी वगैरे. हीच यादी मास्तर काढून तिथं श्यामची आई घातली तरी चालेल, पेपर तपासणाऱ्याला पत्ता लागणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची, अंगानं बारीक, एका बैठकीत होण्यासारखी, पण वर्गात आम्हाला ती महिनाभर पुरली. मास्तराचा कागद भरायला घेतला तर कळालं की पोरं शिकवण्यापेक्षा दुसरंच सगळं तो जास्त करतोय, कुणाची पत्रं लिही, कुणाचं भांडण मिटव, तालीम बांधायचं मनावर घे. आणि ती तालीम उभी राहते ती वाडीतल्या धनगरांच्या हातांनी. मग शेवटाला दुष्काळ पडतो, मेंढरं जगवायला माणसं वाडी सोडून जातात, नी मास्तराच्या हातात काही राहत नाही. मग नायक कोण, मास्तर की वाडी? वडगावचे एक काका आहेत, जन्म मागावर कापड विणण्यात गेला, ते म्हणाले "मास्तर नुस्ता बघणारा माणूस आहे की, वाडीला काय व्हायचं ते होऊन जातंय." या एका वाक्यानं आशय, पात्र, निवेदन सगळंच टेबलावर आलं, आणि कुणी 'निवेदक' हा शब्द सुद्धा काढला नव्हता.

रावसाहेबांचा महिना तर बेळगावात भरणारच. पु. ल. काही काळ इथं आरपीडी कॉलेजात शिकवायला होते, आणि त्यांच्या 'गणगोत' या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकातले रावसाहेब म्हणजे आपल्याच गावचे कृष्णराव हरिहर, खरेखुरे होऊन गेलेले. आता खऱ्या माणसाला पात्र म्हणायचं की नाही इथंच पहिला तास गेला. 'व्यक्ती आणि वल्ली'तली माणसं काल्पनिक, तिथं लेखकाला मोकळीक, पण इथं ओळखणारी माणसं गावात, म्हातारे लोक अजून सांगतात की आम्ही बघितलोय त्यांना. सरांचं म्हणणं असं की कागदावर उतरला की तो पात्रच, कारण काय सांगायचं नी काय गाळायचं हे लिहिणाऱ्यानं ठरवलंय. हे मला पटलं.

कागद भरला तेव्हा 'बोलतो' रकाना नुसता शिव्यांनी भरला (बायका बसल्यात म्हणून कुणी मोठ्यानं वाचेना, शेवटी एका आज्जींनीच वाचून दाखवलं, एकही गाळली नाही). 'करतो' रकान्यात सगळं उलटं, गाणाऱ्या-नाटकवाल्या माणसांसाठी जीव टाकणं, दुसऱ्यासाठी धावणं. लाल गोल एवढा मोठा झाला की कागद फाटायचा राहिला. म्हणजे गाईडवाला 'तापट पण दिलदार' लिहून सुटतो, पण मजा त्या 'पण'मध्ये आहे, आणि ती पु.लं.नी कुठं उलगडून सांगितलेली नाही, शिवी आणि कृती शेजारी शेजारी ठेवून बाजूला झालेत. आणखी एक गोष्ट निघाली जी पुण्याच्या वर्गात निघाली नसती. रावसाहेबांच्या कानडी वळणाच्या मराठीला, त्या लिंगांच्या गोंधळाला, सगळा महाराष्ट्र हसतो. आमच्याकडं तसं बोलणारा एक तरी काका प्रत्येक घरात आहे, काही घरात तर तसंच बोलतात सगळे. मग आम्ही हसतो ते कुणाला? एकजण जरा चिडूनच म्हणाला की आमची चेष्टा आहे ही. मला तसं नाही वाटत, चेष्टा करणारा माणूस शेवटाला असा हळवा होत नाही, पण प्रश्न विचारायला पायजेच होता आणि या माडीवर तो विचारता आला.

लंपनचं काय सांगू. प्रकाश नारायण संतांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या चार पुस्तकांतला हा पोरगा, ही पुस्तकं म्हणजे आमच्या भागाचा ठेवा, इंदिराबाई संतांचे हे चिरंजीव, आणि 2024 ला वेबसिरीज आल्यापासून नवीन पोरं पण लंपन लंपन करायला लागलीत. इथं तिसऱ्या रकान्याची पंचाईत झाली. दुसरे लंपनबद्दल काय बोलतात हे आपल्याला कळणार कुठनं, तर लंपनच्याच तोंडून. सगळा कॅमेराच त्याच्या खांद्यावर. आई-बाबांना सोडून आज्जी-आजोबांकडं राहायला आलेलं पोर, त्याला जे दिसतं ते तो सांगतो, पण त्याला जे कळत नाही ते आपल्याला कळतं, आणि आपल्याला कळलंय हे त्याला माहीत नाही. खानापूरची एक मुलगी, एम.ए. करायली आहे, आजोळी वाढलेली, तिनं सांगितलं की लंपनला जिथं दुखतं तिथं तो रडल्याचं फारसं सांगत बसत नाही, तिथं त्याची बडबड वाढते, सगळं 'मॅड'सारखं व्हायला लागतं, मैत्रीण सुमी आठवते नाहीतर दुसरंच काहीतरी आठवतं. तिनं चार ठिकाणची पानं काढून दाखवली. सरांनी तिचा कागद मागून घेतला आणि झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटला, असं ते सहसा करत नाहीत. बालपणाच्या गोड आठवणी म्हणून जे लोक ही पुस्तकं वाढदिवसाला भेट देतात त्यांनी एकदा 'वनवास' हे नावच नीट वाचावं असं मला तेव्हापासून वाटायलंय.

सगळ्यात गाजलेला महिना 'ययाति'चा. खांडेकरांची 1959 ची कादंबरी, साहित्य अकादमी मिळालेली, पुढं 1974 चं ज्ञानपीठ, घराघरात आहे, आणि घराघरात ती 'वासनेचा शेवट वाईट' एवढ्यावर संपवलेली पण आहे. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघं आपापली बाजू स्वतः सांगतात, म्हणजे तीन कागद. भरता भरता एक गोष्ट टोचायला लागली. तिघांची बाजू वेगळी पण भाषा एकच. राजा असो, ऋषीकन्या असो, दासी झालेली राजकन्या असो, तिघांना सारख्याच उपमा सुचतात, तिघं सारखेच अलंकारिक, म्हणजे तोंडं तीन आणि मागून बोलणारे खांडेकर. हे मी बोललो तर दोन ज्येष्ठ सभासद माझ्यावर चांगलेच भडकले, लहानपणापासून भाऊसाहेब म्हणजे खांडेकर वाचलेली माणसं ती, पण पानं दाखवल्यावर म्हणाले की बरं, त्या काळाची शैली होती. असंल. तरी पण तीन निवेदक घेतले की तीन गळे पायजेत, एवढं तर मागायला हरकत नाही.

मग देवयानी. ती अहंकारी, हट्टी, असं सगळ्यांचं आधीच ठरलेलं. शहापूरच्या एक काकू आहेत, साडीचं दुकान सांभाळतात, त्यांनी पुस्तक खाली ठेवलं नी मूळ कथेतला हिशोबच मांडला. हिचा जीव ज्याच्यावर बसला त्या कचाचा जीव हिच्यामुळं वाचला, तो नाही म्हणून निघून गेला. मैत्रिणीनं, म्हणजे शर्मिष्ठेनं, विहिरीत ढकललं. ज्यानं हात धरून वर काढलं त्याच्याशी लग्न केलं तर त्यानं तिच्याच दासीशी चोरून संसार मांडला, पोरं झाली. "एवढं होऊन वर अहंकारी कोण, तर देवयानी! तिनं काय आरती ओवाळायला पायजे होती?" सगळी माडी हसली, पण हसून झाल्यावर सगळ्यांनी आपापला देवयानीचा कागद परत काढला. आपण एखाद्या पात्राच्या बाजूनं का होतो, त्याच्या गुणांमुळं की लेखकानं आपल्याला त्याच्याजवळ बसवलंय म्हणून, हे त्या दिवशी जेवढं कळालं तेवढं मला कुठल्या समीक्षेच्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

आणि त्याच महिन्यात चिक्कोडीच्या एक कन्नड शिकवणाऱ्या मॅडम पाहुण्या म्हणून आल्या, गिरीश कार्नाडांचं 'ययाति' घेऊन. हे नाटक 1961 चं, कार्नाडांचं पहिलंच. म्हणजे दोन वर्षांच्या अंतरानं तोच राजा, एक मराठीत, एक कन्नडात. मॅडम मूळ कन्नड वाचायच्या नी मधे मधे मराठीत सांगायच्या, अर्ध्या वर्गाला सांगायची गरजच नव्हती, आमच्याकडं हे एक बरं असतंय (सीमाप्रश्न चपलांबरोबर खाली ठेवून यायचा असा अलिखित नियम आहे, आणि पाळतात). कार्नाडांनी पुरूची, म्हणजे ययातीच्या पोराची, बायको आणली, चित्रलेखा, जी महाभारतात नाहीच. बापाला तारुण्य देऊन नवरा म्हातारा होऊन समोर उभा राहतो, तर ही नवी नवरी करणार काय? ती ययातीलाच जाब विचारते, पुरूचं तारुण्य तुम्ही घेतलंय ना, मग त्याबरोबर मी पण तुमची जबाबदारी. ययाती हादरतो, आणि ती विष घेते. खांडेकरांचं पुस्तक सगळ्यांचं वाचून झालेलं, तीन कागद भरून झालेले, तरी पुरूच्या त्यागाची किंमत आणखी कुणाला तरी पडू शकते हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. एका पात्रानं आशयच फिरवला. खांडेकरांकडं प्रश्न भोग किती आणि संयम किती असा, कार्नाडांकडं तोच प्रश्न बापानं केलेलं पोरांनी का फेडायचं असा. या एका सत्रासाठी मी पूर्ण वर्षाची फी आनंदानं दिली असती.

कर्णाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भांडणं झाली नी ती अजून मिटलेली नाहीत. शिवाजी सावंत आजऱ्याचे, रणजित देसाई कोवाडचे, दोघं पण इथनं हाकेच्या अंतरावरचे, आणि दोघांनी कर्णावर लिहिलं, 'मृत्युंजय' नी 'राधेय'. त्यामुळं आमच्या भागात कर्णाला एक शब्द बोललेला खपत नाही. सरांनी फक्त एवढंच विचारलं, द्यूतसभेत द्रौपदीला भर दरबारात आणल्यावर कर्ण महाभारतात काय बोलतो ते 'बोलतो' रकान्यात लिहा. दानशूर, उपेक्षित, सूतपुत्र म्हणून हिणवलेला, सगळं खरं, पण त्या सभेतली त्याची वाक्यं पण त्याचीच. अर्ध्या लोकांनी तो रकाना कोराच ठेवला. माझ्या मते सहानुभूती वाटणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण हे बोललो तर जिन्यावरनं ढकलतील.

आता तक्रार, आणि ही जिन्यापेक्षा मोठी आहे. सरांना 'पॉप्युलर' चालत नाही. रहस्यकथावाल्या बाबूराव अर्नाळकरांचं नाव काढलं तर तोंड वाकडं, भयकथावाल्या नारायण धारपांचं काढलं तर विषय बदलतात. का, तर म्हणे अर्नाळकरांचा झुंजार काय नी काळापहाड काय, तीन रकाने पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापर्यंत जुळतात, लाल गोल कुठंच नाही, सपाट पात्रं. अहो पण सपाट असणं हेच तर त्यांचं काम आहे! हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाचा नायक प्रत्येक पुस्तकात बदलायला लागला तर वाचक परत येईल कशाला? झुंजार काय करणार ते आधीच माहीत असतंय, कसं करणार एवढंच बघायचं असतंय. मग तिथं पात्राकडं न बघता भोवतालच्या गोष्टींकडं बघायचं, पैसा कुणाकडं आहे, गुन्हा कोण करतंय, पोलिसावर विश्वास आहे की नाही, त्या काळच्या लोकांच्या मनातलं सगळं तिथं सांडलेलं असतंय. धारपांच्या समर्थ या नायकाचं पण तेच, समर्थ जिंकणार हे ठरलेलं, पण भीती कुठनं येते ते बघा, जुना वाडा, वारसा, घरातलंच कुणीतरी. आणि पॉप्युलर चालत नाही म्हणणाऱ्या माणसानं 'मृत्युंजय' शिकवलं, जे आवृत्त्यांवर आवृत्त्या खपलंय, आणि पु.लं.चे रावसाहेब शिकवले, जे लोकांनी वाचण्यापेक्षा कॅसेटवर जास्त ऐकलेत. म्हणजे रेघ कुठं ओढायची? हे मी तोंडावर विचारलं, सर म्हणाले विचार करतो. अजून करायलेत.

दुसरी तक्रार जी. एं.च्या महिन्याची. जी. ए. कुलकर्णी म्हणजे एकसंब्याचे, आयुष्य धारवाडला इंग्रजी शिकवण्यात गेलं, 'काजळमाया'ला मिळालेला अकादमी पुरस्कार परत करणारा माणूस, त्यांच्यावर सरांचा जीव आहे हे मान्य. पण त्या महिन्यात विशेषणाचा नियम सरांनीच मोडला. प्रत्येक कथेचं शेवटी उत्तर एकच, नियती. 'कैरी'तल्या तानीमावशीचं पण नियती. म्हटलं सर, तानीमावशीचं वाटोळं तिच्या नवऱ्यानं केलंय, त्याच्या 'करतो' रकान्यात बघा, नियती कशाला मधे आणताय. सर हसले पण फळ्यावर लिहिलेलं 'नियती' पुसलं नाही. ते सत्र लांबलं पण फार, लोक घड्याळ बघायला लागलेले.

पाचपैकी चार देतो. परीक्षेसाठी कुणी जाणार असंल तर जाऊ नका, मार्क मिळवायला गाईडच बरं पडतंय, तिथं कथानक नी घटनांचा क्रम पण नीट दिलेला असतो, ते मी नाकारत नाही. ज्यांना गप्प बसून ऐकायचंय त्यांनी पण नको, सर कागद तपासतात, कोरा असला तर सगळ्यांसमोर विचारतात. दहावी-बारावीच्या पोरांना मात्र जरूर पाठवा, ₹200 मध्ये एवढं कुणी शिकवत नाही, आणि मोठ्या माणसांना भांडताना बघायला त्यांना आवडतंय पण.

पुढच्या महिन्यात विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' आहे, 1939 चं. युरोपातून हिंदुस्थानकडं निघालेली बोट, त्यावर चक्रधर, हॅर्टा नी जर्मनीतनं हाकलली गेलेली ज्यू माणसं. पुस्तक बारीक आहे, आत्तापासनं शोधायला लागा, खडेबाजारात मिळालं नाही तर कोल्हापूरहून मागवा, लायब्ररीत एखादी प्रत असली तर ती सर आधीच घेऊन जातात. झेरॉक्स करून आणायचा विचार असंल तर सोडा, सर हातात पण घेत नाहीत.